डबा आल्यास घ्यावा

“तुला वाचायला कुणी सांगितलं? दुरुस्त करायला सांगितलं होतं ना?”

मुकुंद सर माझ्या खुर्चीच्या मागं उभं राहून बोलले. हळू नाही. कुकटपल्लीतलं आमचं ऑफिस म्हणजे टाइल्सच्या दुकानावरचा एक हॉल, तिथं कुजबुजलं तरी सगळ्यांना ऐकू जायचं. कीबोर्डचे आवाज थांबले.

“सर, टाईप करताना वाचलं जातंच की.”

“तुझ्याकडून अपेक्षा नव्हती.” मग हसले. “वाचशील अशी.”

दोघंतिघं हसले. त्यातल्या कुणाला मराठी येत नव्हती. साहेब हसले की हसायचं, एवढं येत होतं.

मी काय वाचलं ते सांगते. पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, एका ओळीवरून एवढं काय.

आमचे अप्पा सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात वायरमन. आजोबांनी देगलूरकडचं गाव सोडलं ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी, दारात दख्खनी, शाळेत तेलुगू आणि इंग्लिश. त्यामुळं माझं मराठी असं. हौ, नक्को, कायकू, सगळं त्यात. अक्षरं हिंदीच्या तासाला शिकले. पण मराठीचं एक अख्खं पान सलग वाचलंय, असं कॉलेज संपेपर्यंत एकदाही झालं नाही.

बरकतपुऱ्यात मराठी लोकांचं मंडळ आहे. दहा दिवस गणपती बसवतात. हॉलवरची लायटिंग अप्पांची. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मी खाली उभी राहून वायर धरायचे आणि अप्पा शिडीवर. खुर्च्याही आम्हीच लावायचो. मला काय भारी वाटायचं! अख्खा हॉल आमच्या अप्पांच्या एका बटणावर उजळायचा आणि काकू लोक “अगंबाई!” करायच्या.

मुकुंद सर त्या मंडळाचे चिटणीस. पुण्याहून नोकरीला आलेले, इंग्लिश फाडफाड, मराठी त्याहून फाडफाड. माझा कॉम्प्युटरचा कोर्स झाला तेव्हा तेच अप्पांना बोलले, “पोरीला आमच्या कंपनीत पाठवा. आपलीच मुलगी आहे.” अप्पांनी घरी येऊन ते तीनदा सांगितलं. आपलीच मुलगी आहे बोलले. आपलीच.

ऑफिसात सर माझं मराठी सुधारायचे. सगळ्यांपुढं. “बोल्ली नाही गं. म्हणाले. मी म्हणाले.” आणि मी थँक्यू बोलायचे! खरंच. वाटायचं, किती करतात आपल्यासाठी.

तर गेल्या वर्षी, गणपतीच्या तोंडावर, कंपनीनं ब्राउझर बदलला. तो निळ्या ई वाला, सगळ्यांकडं असायचा तो, त्यातून इतके व्हायरस यायला लागले की आठवड्यात तीन मशीन बसल्या. म्हणून सगळीकडं नवा टाकला. मी तर उडतच होते. एका खिडकीत दहा पानं! टॅब बोलतात त्याला. मी ऑफिसभर दाखवत फिरले. शेजारच्या टेबलावरची नसीम बोल्ली, “इत्ता खुश तो तू तेरी शादी में बी नै होती.”

पण नव्यात आमच्याच जुन्या साईट मोडायला लागल्या. मेनू खाली घसरलेला, बटण दाबलं तर ढिम्म, फॉर्म अर्धा. का, तर त्या सगळ्या जुन्याच्या लाडानं बनवलेल्या. जुन्याला चुकीचं लिहिलेलंही चालायचं, तो सांभाळून घ्यायचा. नवा नियमानं वागायचा. सरांनी पांढऱ्या बोर्डवर मोठ्ठं लिहिलं: दोन्हीत सारखं दिसलं पाहिजे. आणि काम मला दिलं. डावीकडच्या मॉनिटरवर जुना, उजवीकडं नवा, तेच पान दोन्हीत उघडायचं आणि फरक शोधायचा. मला आवडायचं ते. कोड्यासारखं.

मंडळाची साईटही सरांनीच बनवलेली. तिच्यात सभासदांची यादी, सगळी मराठीत. ती नव्यात उघडली तर अक्षरांचा भुगा. टोप्या घातलेले ए, डॉलर, चौकोन. कारण तो मराठी फॉन्ट फक्त जुनाच ब्राउझर उतरवून घ्यायचा, नव्याला तो घेताच यायचा नाही. इलाज एकच. सगळं युनिकोडमध्ये परत टाईप करायचं, म्हणजे कुठल्याही ब्राउझरमध्ये दिसतं.

सर बोलले, “तूच कर. तुझा स्पीड आहे. अर्थ नाही कळला तरी चालेल, अक्षर बघून अक्षर मार.”

नसीमपुढं इंग्लिशमध्ये वर जोडलं की या इकडच्या मराठी पोरांना वाचता कुठं येतं. मी हसले. मीही.

दोन दिवस टाईप केलं. डावीकडं बघायचं, मारायचं. शेकडो घरं. नाव, आडनाव, पत्ता, फोन. आणि काय झालं माहितीये? मला वाचता यायला लागलं. जोडाक्षरं आधी अडायची, मग अडेनात. आणि उजवीकडचा भुगाही कळायला लागला! टोपीवाला अमुक म्हणजे काना, डॉलर म्हणजे तमुक. मी कागदावर तक्ताच केला. भुग्यातून सरळ मराठी वाचायचे मी.

तिसऱ्या दिवशी दिसलं की उजवीकडं एक कॉलम जास्त आहे.

डावीकडं फोन नंबरला यादी संपायची. उजवीकडं पुढं अजून एक, सगळा भुगा. कोड उघडून बघितला. एक ओळ होती, शेवटचा कॉलम दाखवू नको म्हणून. ती ओळ जुन्यालाच कळायची. नवा ती मानतच नव्हता, दाखवून टाकत होता सगळं.

मला काय वाटलं सांगू? वाटलं, हरवलेला कॉलम सापडला! सर खूश होतील. तक्ता घेतला आणि वाचायला बसले.

वर लिहिलं होतं: टीप. खाली एकेका घरापुढं. “आरतीचा पहिला मान.” “मोदक यांच्याकडून.” “मुलगा अमेरिकेत. पुढच्या रांगेत बसवावे.” मला हसायला येत होतं. नसीमला सांगत होते एकेक.

मग आमची ओळ आली. अप्पांचं नाव. पुढं:

“लायटिंग व खुर्च्या यांजकडे. स्वयंपाकघरात घेऊ नये. डबा आल्यास घ्यावा, पंगतीत वाढू नये.”

मी तक्ता परत लावला. वाटलं, चुकले. एकेक अक्षर लावलं. अर्धा घ, य, काना, व, काना. घ्यावा. चुकले नव्हते.

का, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. आडनाव त्याच ओळीत होतं.

आमचं आडनाव मी इथं लिहीत नाही. तुम्हीही आधी तेच शोधाल.

डब्याचं सांगते. आई दर वर्षी गणपतीला करंज्या करते. ओल्या नारळाच्या, कडा इतक्या बारीक मुरडते की कातण्यानंही तशा होत नाहीत. मोठा स्टीलचा डबा भरून मंडळात पाठवते. स्वतः आत जात नाही, काकू दारातच घ्यायच्या, “द्या हो इकडं, आत गर्दी आहे.” आणि डबा परत यायचा तो रिकामा. घासलेला, चकचकीत. आई झाकण उघडून दर वर्षी तेच बोलायची, “बघ, एक उरली नाही.” आणि पुढच्या वर्षी चार जास्त करायची.

डबा आल्यास घ्यावा.

पंगतीत मी बसलेय. दर वर्षी. वाढपी पुढून जायचे. पानात करंजी कधी आली नाही. मला वाटायचं, आपण शेवटच्या रांगेत बसतो, तोवर संपत असतील.

नसीमनं माझं तोंड बघितलं. “क्या हुआ गे? कायकू रोरी?”

तेवढ्यात सर मागं आले. स्क्रीन बघितली. बाकी वर सांगितलंच. पण हसून झाल्यावर पुढं अजून बोलले.

“तो कॉलम घालव.”

“डिलीट करू, सर?”

“डिलीट नाही गं. लपव. गणपतीत लागतो आम्हाला.”

आम्हाला. रोज आपण असायचं. त्या दिवशी आम्ही झालं.

“सर, हे आमच्या घराचं आहे.”

मग ते खुर्ची ओढून बसले. आवाज एकदम साखरेचा. “अगं, जुनी माणसं आहेत मंडळात. त्यांची मनं सांभाळावी लागतात. मी मानतो का असलं काही? तू तर आमच्या घरातली.”

“मग हे लिहिलं कुणी?”

“कमिटीनं सांगितलं. मी फक्त टाईप केलं.”

मी फक्त टाईप केलं. मी हे वाक्य विसरणार नाही. मीही दोन दिवस फक्त टाईपच करत होते.

“मी नाही लपवणार,” मी बोल्ली. हौ, बोल्लीच. म्हणाले नाही.

“नसीमकडून करून घेतो मग.”

नसीमनं मान वर केली नाही. “मेरेकु मराठी नै आती, सर. आती बी तो नै करती.”

सर उठले. “उद्या सकाळपर्यंत दोन्हीत सारखं दिसलं पाहिजे. नाहीतर येऊ नकोस.”

मी त्या पानाची प्रिंट काढली आणि घरी गेले. संध्याकाळ होती. आई स्वयंपाकघरात नारळ खवत होती. गणपतीला चार दिवस, पहिला घाणा करून बघायचा होता तिला. अप्पा अंगणात लायटिंगच्या माळा पसरून एकेक बल्ब तपासत बसलेले. मी कागद त्यांच्यापुढं धरला. अप्पांना मराठी नीट वाचता येतं. वाचलं. घडी केली. खिशात घातला.

“आईला सांगू नको,” अप्पा बोलले.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा विचारलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“लायटिंगच्या पहिल्या वर्षी कळलं. पाणी प्यायला आत गेलो होतो.” ते बल्ब फिरवत होते. “तुझ्या नोकरीचं बोलले तेव्हा वाटलं, बदलले असतील. आणि आई किती खूश असते गं, डबा रिकामा आला की.”

म्हणजे इतकी वर्षं. शिडीवर चढून. आणि मी खाली वायर धरून दात काढत उभी. सरांचा मला राग आला होता. अप्पांचा जो आला, त्याला मला शब्द नाही. सर बोलले लपव. अप्पा बोलले सांगू नको. एकच काम दोघांनी मला सांगितलं. आणि डबा आईचा होता.

मी अप्पांच्या खिशातून कागद काढला. त्यांनी हात धरला नाही. आत गेले आणि आईला वाचून दाखवलं. थांबले नाही, एकही शब्द गाळला नाही.

आईची खवणी थांबली.

“घ्यावा, असं लिहिलंय?”

“हौ.”

“मग खाल्ल्या कुणी?”

मला माहीत नव्हतं. अप्पा दारात येऊन उभे होते, त्यांनाही माहीत नव्हतं.

“एवढ्या करंज्या,” आई बोलली. “कुणीतरी खाल्ल्याच असतील ना. का टाकल्या?”

तिनं खवलेला नारळ झाकून ठेवला. करंज्या झाल्या नाहीत. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी नऊला ऑफिसात गेले. फाईल उघडली. कॉलम लपवणारी ती ओळ काढून टाकली. बाकी घरांच्या टिपा पुसल्या, त्या माझ्या नव्हत्या. अजून दोन घरांपुढं आमच्यासारखंच लिहिलेलं होतं. त्यांचे फोन नंबर वहीत उतरवले आणि त्या टिपाही पुसल्या, त्यांचं त्यांना आधी कळू दे. आमची टीप ठेवली. युनिकोडमध्ये टाईप केली, स्पष्ट, ठळक. एकही चूक नाही. साईटवर चढवली.

डावीकडं उघडून बघितलं. उजवीकडं उघडून बघितलं. सरांना मेल केला: “काम झालं. दोन्हीत सारखं दिसतंय.”

बॅग उचलली. नसीम जिन्यापर्यंत आली.

दुपारी साईट बंद होती. नोकरीही. सरांचा अप्पांना फोन आला, पोरीनं मंडळाची अब्रू घालवली म्हणून. अप्पा ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच बोलले, “यंदा लायटिंग दुसऱ्याला सांगा.” मी त्यांच्याशी अजून नीट बोलत नाही. बोलेन. आत्ता नाही.

त्या दोन घरांना मी फोन केले. एकानं ठेवून दिला. दुसऱ्या घरातल्या आजी होत्या, त्या बोलल्या, “आमचे लाडू असायचे, बाळा.”

आता मी दुसरीकडं काम करते. हेच काम. हे सगळं त्या नव्या ब्राउझरमध्येच टाईप करतेय, भराभर, चुका असतील तर असू देत. आता मला पान आपलं म्हणून दिलं तरी मी त्याचा आतला कोड उघडून बघते. मराठी सुधारायला कुणाकडं जात नाही.

गणपती परत आलेत तोंडावर. मंडळाच्या एका काकूंचा निरोप आलाय, झालं गेलं विसरा, डबा पाठवा. मी उत्तर पाठवलंय. डबा पाहिजे असेल तर आधी नावं द्या. इतक्या वर्षांच्या करंज्या कुणी खाल्ल्या, कुणी टाकल्या, कुणी डबा घासून परत पाठवला, एकेकाचं नाव. आडनावासकट. यादी आली की मी टाईप करेन. सगळ्यांना दिसेल अशी. एकही कॉलम लपवणार नाही.