भंगारातून आणलेली हलकी चौकट

मंडळी, बायकोला मासोळ्या वाळवायची लाकडी चौकट आता उचलवत नाही. हलक्या ॲल्युमिनियमची नवी चौकट परवडत नाही, म्हणून आज सकाळी बल्लारपूरला भंगारवाल्याकडे गेलो.

ढिगात जुन्या पार्टिशनचे ॲल्युमिनियमचे सेक्शन, म्हणजे पोकळ नळ्या होत्या, त्याही किलोवर. वाकड्या तर नाहीत ना, म्हणून एकेक डोळ्याला लावली. नळीच्या टोकाला एवढंसं निळं आभाळ दिसलं आणि मी पाहतच राहिलो.

"काकाजी, माल घेता का दुर्बीन पाहून राह्यले?" भंगारवाला हसला.

तलावाकाठच्या घरी आणून दोरीने चौकट बांधली. बायकोने ती एका हातानेच उचलली. "इतकी हलकी? वारा सुटला तं मासोळ्यांसकट तलावात जाईन नं हे!"

तेव्हापासून डोळे मिटले की चौकट तलावावरून उडताना दिसते. चौकटीच्या पायांना दगड बांधू, की खुंट्या ठोकू?