बेडा म्हणजे खाट नव्हे

आता मी रिटायर झालेय. पण इतकी वर्षं नर्स होऊन काय मिळवलंत, असं कुणी विचारलं की मी आनेकलच्या अज्जींचं सांगते.

बंगळूरजवळ बोम्मसंद्राच्या बाजूला एका इस्पितळात मी वॉर्डची इन्चार्ज होते. लातूरकडची एक मुलगी नवीन लागलेली. हात इतका हलका, की सुई टोचलेली कळायची नाही. कन्नड मात्र शून्य. न्यूमोनियातून उठलेल्या या अज्जी खिडकीशी खुर्चीत बसायच्या. ही मदतीला गेली की म्हणायच्या, "बेडा, बेडा." कन्नडमध्ये बेडा म्हणजे नको. हिला वाटलं, अज्जींना बेडवर जायचंय. नेऊन निजवलं. त्या उठल्या, हिनं पुन्हा निजवलं. तिसऱ्यांदा अज्जींनी हातावर फटका दिला, आणि त्यांच्या मुलानं तक्रार केली की ही सिस्टर आईशी दांडगाई करते.

दोनला माझी ड्यूटी संपली. निघताना बघते तर पोरगी चादरींच्या खोलीत राजीनामा लिहीत बसलेली. मी बेडाचा अर्थ सांगितला. आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, तरी मी जाणारच, मला नाही जमायचं इथं.

"कागदाची मागची बाजू कोरी आहे ना? तिथं लिही," मी म्हटलं. "नोवु म्हणजे दुखणं. स्वल्प म्हणजे थोडं. साकु म्हणजे पुरे."

"आणि अक्का, तुमची ही कानडी वळणाची मराठी कुठल्या भाषेत लिहू?"

डोळ्यांत पाणी आणि तोंडात टोमणा. ही टिकेल, असं तेव्हाच वाटलं मला.

अज्जींच्या मुलाला मी झालेला घोटाळा समजावला. तो खो खो हसला आणि तक्रार मागे घेतली. पुढे आठवडाभर मी रोज दोननंतर तास-दीड तास थांबून तिला शब्द शिकवले. कुणी सांगितलं नव्हतं हो. बसवनगुडीला घरी पोचायला उशीर व्हायचा. सून विचारायची, इस्पितळानं तुम्हाला दत्तक घेतलंय का?

अज्जी घरी जायच्या आदल्या दिवशी मी औषध घेऊन गेले, तर त्यांनी तोंडच फिरवलं.

"नीनु बेडा," म्हणाल्या. "आ हुडुगी बेकु."

तू नको, ती पोरगी हवी. तीस वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी हाकललं नव्हतं, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. मी तिला बोलावून औषधाचा ट्रे तिच्या हातात दिला. "अज्जी, स्वल्प," असं म्हणत ती खुर्चीपाशी बसली. राजीनाम्याचं नाव तिनं परत काढलं नाही.