पितरांचा घास

भाद्रपद अमावास्या, सर्वपित्री. सकाळी गोठा झाडून कोरडा पेंढा पसरला. शेळ्या सहा, त्यांतल्या चार गाभण. वैशाखात बोकड दाखवला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण केली होती. त्या हिशेबाने थोरली पंधरा दिवसांत विणार होती. तिला दरवेळी दोन होतात. या दिवसांत तिच्या पोटात जागा उरत नाही, म्हणून भरडा मी मुठीने मोजून घालते आणि दाण्याच्या पिंपाला कुणाला हात लावू देत नाही.

दुपारी आमचं पान वाढून झालं, कावळ्याला घास ठेवला आणि मी माणिकपूरला गेले. पिल्लांच्या नाळेला लावायचं आयोडीन संपलं होतं. दीड तासात परत आले, तर गव्हाणीत भात, खीर, वडे, पुऱ्या. थोरली मधोमध उभी. कळपात मान तिचा, त्यामुळे बाकीच्यांना शिंगाने बाजूला सारून सगळ्यात जास्त तिनेच खाल्लं होतं.

कुंपणापलीकडे नवी बिल्डिंग झाली आहे. तिथल्या चौथ्या मजल्यावरची बाई गाईला घास घालायला डबा घेऊन उतरली होती. गाय आता इथे कोणाकडे आहे? मग शेळ्या चालतील का, असं तिने आमच्या ह्यांना विचारलं, आणि ह्यांनी फाटक उघडून दिलं. वर स्वतःच्या हाताने डबा गव्हाणीत उपडा केला.

मी विचारलं तर म्हणाले, "पितरांचं अन्न. नाय कसं बोलायचं? पाप लागतं."

"पाप कोणाला लागलं ते बघा," मी म्हटलं. थोरलीची डावी कूस ढोलासारखी फुगली होती. ती दात खात उभी होती, रवंथ बंद.

पंचवीस वर्षं शेळ्यांत काढलेला माणूस. शिजलेला भात पोटात आंबतो, शेळी मरते, हे मला ह्यांच्याच आईने शिकवलं. पण श्राद्धाचं नाव काढलं की ह्यांची अक्कल कावळ्याबरोबर उडून जाते. त्या बाईवर निम्मा राग होता. तिला काय माहीत? ह्यांच्यावर पुरा.

डॉक्टरांना फोन लावला. ते दुसरीकडे अडकले होते. खायचा सोडा पाण्यातून थोडा थोडा पाजा, ठसका लागू देऊ नका, चालवत राहा, म्हणाले. ह्यांनी तोंड धरलं, मी गालातून बाटली लावली. मग दोर ह्यांच्या हातात दिला आणि वाडीत फेऱ्या मारायला लावल्या. मी बाजूने कूस चोळत चालले. हे मध्येच म्हणाले, "बोल की काहीतरी." बोलले असते तर शेजारी जमले असते.

दिवेलागणीला तिला ढेकर आली. वास असा, की ह्यांनी तोंड फिरवलं. तासाभराने तिने तोंड हलवायला सुरुवात केली. मी उजव्या कुशीला तळहात दाबून बसले. बऱ्याच वेळाने एक लाथ लागली. एकच जागा हलत होती. दुसरं निजलं होतं की गेलं होतं, ते व्यायल्याशिवाय कळणार नव्हतं. हे दारात उभे राहून विचारत होते, दोन्ही आहेत ना? मी म्हटलं, "पितरांना विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला सुका चारा टाकला, फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कमरेला खोचली. बाईचा डबा घासून ह्यांच्या हातात दिला. "तुम्ही घेतलात, तुम्हीच परत करा. आणि काय झालं ते सांगून या." हे म्हणाले, बाईमाणसाला कसं सांगायचं, तूच जा. मी चप्पल घातली, ह्यांच्याबरोबर बिल्डिंगच्या लिफ्टपर्यंत गेले, ह्यांना आत उभं केलं आणि चारचं बटण दाबून बाहेर आले.