सर, तुमचा माइक चालू आहे

शाळा बंद पडून वर्ग घराघरांतल्या मोबाइलवर भरू लागले, तेव्हा संगणक शिकवणाऱ्या एका सरांकडे आसपासच्या अकरा शाळांचं काम आलं. शिक्षकांना ऑनलाइन शिकवायला शिकवायचं आणि कुणाचं अडलं की मदतीला धावायचं. सगळे त्यांना 'मास्तरांचे मास्तर' म्हणू लागले. आधी ते लाजायचे, पुढे पुढे ते नाव त्यांना आवडायला लागलं.

काम ते मन लावून करत. पण दिवसाला चाळीस फोन घेणाऱ्याच्या आवाजात गोडवा किती टिकणार? त्यातले चार तरी फोन भूगोलाच्या बाईंचे असत. त्या वर्षभरात निवृत्त होणार होत्या. फळ्यावर एका दमात जगाचा नकाशा काढणारा त्यांचा हात मोबाइलच्या काचेवर मात्र अडखळायचा.

"सर, पुन्हा एकदा सांगता? नकाशा मला दिसतोय, मुलांना दिसत नाही."

एका सकाळी बाईंनी सरांना आपल्या ऑनलाइन वर्गातच बोलावून घेतलं. सर घरूनच लॅपटॉपसमोर बसले. सदतीस मुलं हजर होती आणि नकाशा काही केल्या दिसेना. सरांनी तीनदा सांगितलं, बाईंनी तीनदा भलतंच बटण दाबलं. तेवढ्यात सरांची बायको चहा घेऊन आली.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

"भूगोलाच्या बाई. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. तेच तेच विचारायची लाजही वाटत नाही. जमत नसेल तर घरी बसावं माणसानं."

स्क्रीनवर एका मुलीनं तोंडावर हात नेला. कुणीतरी फिसकन हसलं.

"सर, तुमचा माइक चालू आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. मग मुलांना म्हणाल्या, "पुस्तकातलं बावन्न नंबरचं पान काढा."

सरांची कानशिलं तापली. त्यांनी लॅपटॉप मिटला. बायको आणलेला चहा तसाच परत घेऊन गेली.

तीन दिवस बाईंचा फोन आला नाही. चला, एक कटकट गेली, असं सरांच्या मनात आलं आणि तेच त्यांना खुपायला लागलं. चौथ्या दिवशी त्यांनी बाईंची शाळा गाठली. रिकाम्या वर्गात बाई एकट्याच बसल्या होत्या. पुढ्यात वही उघडी होती. सरांनी फोनवर सांगितलेली एकेक पायरी तिच्यात वळणदार अक्षरांत उतरवलेली होती, काही पायऱ्या तर दोन-दोनदा.

"बाई, माझं चुकलं."

"बसा," बाई म्हणाल्या. "मला लागलं नाही असं नाही. पण मी ते गिळून टाकीन. वर्गाचं काय करू?"

"वर्गाचं?"

"त्या दिवसापासून एकही मूल शंका विचारत नाही. समजलं का म्हटलं की सगळी हो म्हणतात. काल चाचणी घेतली, तर निम्म्यांना ओ की ठो कळलेलं नाही."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं सरांना झालं. बाईंची समजूत घालायला त्यांनी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

"मी मुलांची माफी मागू का?"

"जिथं बोललात, तिथंच बोला."

दुसऱ्या दिवशी सर ऑनलाइन वर्गात बोलले. "विचारणाऱ्याला मी नावं ठेवली. चूक विचारणाऱ्याची नव्हती, माझी होती." 'असू दे, सर,' असं कुणीच म्हणालं नाही. बाईही म्हणाल्या नाहीत. सरांनी वर्गात बसायची परवानगी मागितली आणि आठवडाभर ते स्क्रीनच्या एका कोपऱ्यातल्या चौकटीत गप्प बसून राहिले.

पाचव्या दिवशी एका मुलीनं चाचरत विचारलं, "बाई, अक्षांश पुन्हा सांगाल?" बाईंनी सांगितलं. तरीही तिला कळलं नाही. बाईंनी आणखी एकदा सांगितलं, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. सर खाली मान घालून ऐकत होते.

नकाशा दाखवायला बाईंना अखेर शेजारच्या वर्गाच्या शिक्षिकेनं शिकवलं. सरांना त्यांनी पुन्हा कधी फोन केला नाही. कुठं भेटल्या तर आपुलकीनं बोलत, घरच्यांची चौकशी करत. सरांनाच त्यांच्याकडे मान वर करून बघता येत नसे.