सुविधाची सही

डिचोलीत सगुण मोटरवाल्याचं नख प्रसिद्ध होतं. जळलेल्या मोटरीत नवी तार भरायची, वॉर्निश पाजायचं, पोदेराचे पाव काढून झाले की त्याच्या भट्टीच्या उरलेल्या धगीत ती ठेवायची आणि मग वॉर्निशवर नख दाबायचं. खूण उमटली नाही की मोटर पक्की. पावांना वॉर्निशचा वास येतो म्हणून लोक कुरकुरत. पण घरचा पंप बंद पडला की तेच लोक सगुणच्या दारात.

गोवा राज्य झालं आणि सुर्ल्याच्या एका खाणवाल्याने नवं खूळ काढलं. मोटरीबरोबर सर्टिफिकेटवाल्याची सही हवी! सगुणने शाळा फक्त बाहेरून पाहिलेली. म्हणून त्याची मुलगी सुविधा आयटीआयला गेली. ‘चेडू चूल सोडून तारांत गुंतलां’ म्हणून आळीने दात काढले, ते हसणं तिने गिळलं. बाबाचं काम टिकावं, एवढंच तिला हवं होतं. ती पास झाली तेव्हा सगुणने सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीशेजारी टांगलं.

पहिल्याच पावसाळ्यात खाणीतल्या पंपाची मोटर आली. नेमकी पोदेराची आई वारली आणि भट्टी पेटलीच नाही. सगुणने मोटरीच्या पोटात विजेचा दिवा सोडून ती सुकवली. नख दाबलं. खूण नाही.

सुविधाने मेगर या मोटर तपासायच्या यंत्राचा दांडा फिरवला. मोटर आतून सुकली की त्याचा काटा चढतो. तो जागचा हलेना.

"सही कर गो बाये, गाडी उबी आसा."

"बाबा, भायर सुकली, भितर ओली आसा. पंपार माणूस पाण्यात उबो रवता. करंट लागात तेका."

"माजां नख खोटां बोलता?"

दारात खाणीचा ड्रायव्हर ऐकत होता. सुविधाला रडू आलं, पण तिने पेन उचललं नाही. ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन गेला.

भट्टी पुन्हा पेटली तेव्हा सुविधाने तीच मोटर भाजून आणली. काटा सरसर चढला. ड्रायव्हरकडून तिच्या नकाराची गोष्ट ऐकून खाणवाल्याने मोटर नेण्याआधीच पुढचं काम कबूल केलं. आळीत तिचं नाव झालं, तिला मात्र त्याचं काडीचं सुख नव्हतं.

गाडी यायच्या आधी तिने मोटर ढकलत बाबापुढे आणली.

"बाबा, नख लाव रे."

सगुणने दोन्ही हात काखेत दडपले.

"सर्टिफिकेट तुजां," तो म्हणाला. "तूच बघ."