फांदीखालचं घर

झाड दाखवलं की भेवबापू झाडाकडे बघतच नसत. आधी घराभोवती चक्कर मारत. कौलं, मोरी, विहीर असं सगळं पाहून झालं की घरातल्या बाईला विचारत, "खाली कोन झोपते?" बुंध्याच्या जाडीवर झाड पाडायचा भाव करणारे बालाघाटात पुष्कळ होते. बापू झाडाखाली काय आहे त्यावर भाव करत. मोकळ्या बांधावरचा भलाथोरला आंबा ते थोडक्या पैशांत पाडून देत, आणि शेजाऱ्याच्या कौलांवर झुकलेल्या हातभर फांदीचे दुप्पट मागत.

भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाला मनसोक्त घाबरवायचं, ही त्यांची रीत. फांदी फिरू शकते, दोर तुटू शकतो, चार कौलं फुटतीलच, आणि उन्हाळ्यात घर तापलं तर मला शिव्या देऊ नका. भेव म्हणजे आमच्याकडे भीती. त्यावरून त्यांचं नाव पडलं. "काही होनार नाही म्हनते, त्या मानसानं झाडावर चढू नये," असं ते म्हणत. हे ऐकून निम्मी गिऱ्हाइकं पळत. जी उरत, ती मात्र तक्रार घेऊन कधी परत आली नाहीत.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर होतो. आमच्या भाड्याच्या घरावर चिंचेची एक जाड फांदी आडवी आली होती आणि वादळात तिला बुडाशी चीर गेली होती. वारा सुटला की ती करकरायची आणि आम्ही भरल्या ताटावरून उठायचो. बापूंनी भाव सांगितला, अट एकच घातली: त्या दिवशी घर रिकामं पाहिजे. मी कबूल केलं. दोनच दिवसांनी बायको बाळंत झाली, मुलगी झाली.

बाळंतिणीने बारशाआधी उंबरा ओलांडायचा नाही, असं आईने बजावलं. फांदी बारशापर्यंत थांबेल, असं कोणी सांगावं? ठरल्या दिवशी सकाळी बापूंनी विचारलं, "घर रिकामं झालं ना, गुरुजी?" खोटं बोलणाऱ्या पोरांना छडी मारणारा मी, "हौ" म्हणून मोकळा झालो.

फांदी निम्मी कापून झाली आणि आतून बाळ रडलं. आरी थांबली. बापू रागावतील म्हणून मी वर पाहिलं, तर ते बुंध्याला बिलगून बसले होते. मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "बाईले बाहेर आनू नका. दरवाजा फांदीखालीच हाय."

त्यांनी दुसरा दोर बांधला आणि शेंड्याकडून एकेक डहाळी कापून खाली सोडायला सुरुवात केली. दुपार टळली. प्रत्येक करकरीला मी दाराकडे बघत होतो. बायकोची भीती होती, लेकीची होती, बापूंची होती. आणि खरं सांगायचं तर माझं खोटं गावभर होईल याचीही होती. त्याची लाज अजून वाटते. शेवटी फांदीचा उरलेला ओंडका खालून दोर धरलेल्या त्यांच्या दोघा साथीदारांनी विहिरीजवळ उतरवला. एकही कौल फुटलं नाही.

बापू खाली आले. मी पैसे पुढे केले.

"राहू द्या, गुरुजी," ते म्हणाले. "मी भेवाचा भाव घेतो. हा भेव तुमी मले सांगतलाच नाही."

बारसं झाल्यावर आम्ही दोघं लेकीला घेऊन हट्टा या त्यांच्या गावी, त्यांच्या घरी गेलो. मी माफी मागितली. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या मुठी उघडून पाहिल्या. उरलेली चिंच कधी पाडता, असं मी विचारलं, तेव्हा कळलं की त्यांनी आरी विकून टाकली होती.

"वर चढलो का लेकरू रडल्यावानी वाटते," ते म्हणाले. "मंग हात चालत नाही."

माझ्या एका शब्दाने या माणसाचा धंदा बसला होता. मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पोरगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. ती उठेपर्यंत त्यांनी मांडी हलवली नाही.