काळ्या धोंड्यावरची रेष

बायको दिवाळीनंतर गेली आणि कॉलेजची पोरं आषाढात आली. मधले महिने मी काय केलं ते सांगता यायचं नाही. भाकरी खाल्ली, एवढं खरं. माझी शाळा चौथीपर्यंत, गोड करून सांगायला जमत नाही.

नाशिकच्या खालच्या अंगाला, गंगेच्या काठावर आमचं घर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. पोरं चौघं होती, दोन मुली, दोन मुलगे. शहरातल्या द्वारका चौकातून बस धरून सकाळी यायची. पावसाळ्यातलं चार आठवड्यांचं काम, शेवटी सर्टिफिकेट. पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवायच्या, दगड उलटे करून खालचे किडे मोजायचे, वहीत लिहायचं. किडे सापडले की नाचायची. किडे आहेत म्हणजे पाण्यात अजून जीव आहे, म्हणे. किड्यांवर खूश होणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पहिल्याच दिवशी वही धरणाऱ्या मुलीनं विचारलं, "बाबा, तुमच्या ओसरीत बॅगा ठेवू का? मोबाईल भिजतात."

"ठेव. चोराला इथं काय मिळणार? मीच हाय."

ती हसली. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

आमच्या घरासमोर नदीत एक लांब कातळ आहे. काठ आणि कातळ यांच्यामध्ये पाण्याची एक अरुंद धार. एरवी घोट्याइतकं पाणी. ती ओलांडून बाया कातळावर धुणं धुवायला जातात. त्या धारेच्या कडेला काळा धोंडा उभा आहे. एका वर्षी शेजाऱ्याची म्हैस त्या धारेत गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी बायको चुन्याचा डबा घेऊन धारेत उतरली, धोंड्याला टेकून उभी राहिली आणि आपल्या गुडघ्याला लागून धोंड्यावर रेष ओढली. म्हणाली, "गुडघ्यापर्यंत माणूस उभा राहतो, त्याच्यावर पाय सुटतो." तेव्हापासून दर वर्षी मृगाच्या आधी ती रेष ताजी करायची. सगळी आळी तिच्यावर चालायची. बाया काठावरनं ओरडून विचारायच्या, "रेष बुडाली का गं?" बुडाली की धुणं घरी.

ती गेल्यावर रेष ओढायची मी राहू दिली. डबा फळीवर होता. हात गेला नाही.

पोरांनी पहिल्या दिवशी काठ साफ केला. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, देवाच्या फुटक्या तसबिरी, सगळं गोणीत भरलं. मग तारेचा ब्रश घेऊन दगडांवरचं तेल, शेंदूर, रंग घासायला लागली. एक मुलगा काळ्या धोंड्यापाशी आला. गेल्या वर्षीची रेष पुसट, पण दिसत होती. मी ओट्यावर बसून पाहत होतो. तोंड उघडलं असतं तर तो थांबला असता. मी उघडलं नाही. मनात म्हटलं, ती गेली, तिची रेष कशाला राहील? त्यानं घासली. धोंडा स्वच्छ काळा झाला. आपली बारव कोणी बुजवून टाकावी तसं मला झालं.

दोन-तीन दिवसांनी वहीवाली विचारायला आली. "बाबा, पाणी वाढलं तर कुठवर येतं? आम्ही कातळावर असलो तर कधी परत यायचं?"

"ज्या बाईला ठाऊक होतं ती गेली," मी म्हटलं. "मला नका विचारू."

पोर खाली मान घालून गेली. हे उत्तर मी दिलं. दुसऱ्या कोणी नाही.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. आमच्याकडे ऊन होतं. वर, त्र्यंबकच्या बाजूला, आभाळ चार दिवस काळं होतं. चौघं कातळावर वाकलेली. मी ओट्यावर तूर निवडत होतो. ओसरीतल्या बॅगांमध्ये एक फोन वाजला. थांबला. मग दुसरा. मग दोन एकदम. दुसऱ्याचा फोन मी उचलत नाही. पण चारही फोन असे का वाजतात, म्हणून नदीकडे पाहिलं.

खेकडे वर येत होते. एक-दोन नव्हे, काठाच्या दगडांवरून ओळीनं. दगडांवरून जाणाऱ्या पाण्याचा खळखळाट बंद पडला होता. धारेवर पिवळट फेस, त्यात काटक्या, आणि शहराच्या गटाराचा वास. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं; फोन कॉलेजातून तेच सांगायला येत होते, हे मागाहून कळलं. ते शहरातून आमच्यापर्यंत पोचलं होतं.

मी धोंड्याकडे पाहिलं. रेष शोधली. धोंडा नुसता काळा.

"ए, बाहेर या! ताबडतोब!"

एकानं हात हलवला. "दोनच मिनिटं बाबा, शेवटचं रीडिंग!"

"रीडिंग गेलं खड्ड्यात! या म्हणतो ना, भाड्यांनो!"

अशी शिवी त्यांनी माझ्या तोंडून ऐकली नव्हती. म्हणून निघाली. मी गोठ्यातलं लांब दावं घेतलं, एक टोक काठावरच्या आंब्याला, दुसरं माझ्या कमरेला बांधलं आणि धारेत उतरलो. पाणी माझ्या गुडघ्याच्या वर होतं आणि थंडगार. धोंड्याला पाठ लावून उभा राहिलो. पहिला मुलगा आला, दुसरा आला, एक मुलगी आली. वहीवाली मधूनच मागे वळली. वही कातळावर राहिली होती.

"राहू दे ती!"

"सगळा डेटा आहे बाबा त्यात!"

ती वही छातीशी धरून उतरली तेव्हा पाणी माझ्या कमरेला होतं. दुसऱ्या पावलाला तिचा पाय सुटला. मी तिची वेणी धरली. हात मिळाला नाही, वेणी मिळाली. वही गेली. वरून तिघांनी दावं ओढलं तेव्हा आम्ही दोघं काठाला लागलो.

थोड्या वेळानं कातळ दिसेनासा झाला.

ओसरीत चहा पिताना तिचे दात वाजत होते. मी तिला रेषेचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही घासली ती?"

"तुम्ही घासली. मी पाहत बसलो."

पाणी उतरल्यावर, चौथ्या दिवशी, मी फळीवरचा डबा काढला. वहीवालीला म्हटलं, "पोरी, धारेत उभी राहा. धोंड्याला टेकून."

"मी कशाला?"

"माझ्या गुडघ्याचं माप चालायचं नाही. ती माझ्या खांद्याला लागायची, तू तिच्याहून थोडी उंच हायेस. चार बोटं खाली धरू."

ती उभी राहिली. मी तिच्या गुडघ्याखाली चार बोटं मोजली आणि रेष ओढली. वाकडी आली. बायकोची सरळ असायची.

"आता बरोबर ना, बाबा?"

मी काठी धारेच्या मधोमध खुपसून पाहिली. पुरानं तिथली वाळू ओढून नेली होती. धोंड्यापाशी होतं त्यापेक्षा काठी वीतभर जास्त आत गेली. म्हणजे धोंड्यापाशी गुडघाभर पाणी, तर मध्ये त्याहून वीतभर जास्त; बायकोच्या वेळची धार आता राहिली नव्हती.

मी रेष पुसली नाही. तिच्या वीतभर खाली दुसरी ओढली, आणि तिला म्हटलं, "खालचीच धर. तीही चुकली असंल तर मी ओट्यावर हायेच."

पुढची तुकडी श्रावणात आली. तेव्हापासून पोरं कातळावर असली की मी तूर निवडायला घेत नाही.